छत्तीसचे चव्वेचाळीस

प्रवासाला निघालेल्या माणसाला काय द्यावं, हा प्रश्न आमच्या घरात पूर्वी कधी पडत नसे. दशम्या द्याव्यात. बरोबर दाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, आणि माणूस जवळचा असेल तर वरून चार बेसनाचे लाडू. दशमीची एक मोठी सोय असते. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपते. ‘आम्ही दिलेल्या त्या दशमीचं पुढं काय केलंत?’ असं परत आल्यावर कुणी विचारीत नाही. दिली, खाल्ली, संपली. देणारा मोकळा आणि घेणारा तर त्याहून मोकळा.

पण माणसाचा पगार वाढला की त्याला दशमी अपुरी वाटायला लागते. माझा १९८६ साली वाढला.

त्याच वर्षी आमचे दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, सांगलीच्या ट्रेझरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले आणि दोघांनी त्रिस्थळी यात्रेला जायचं ठरवलं. प्रयाग, काशी, गया. छत्तीस वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून केलेला सर्वांत लांबचा प्रवास पंढरपूरचा होता. तेव्हा या यात्रेला काहीतरी घसघशीत द्यायचं हे मी मनाशी पक्कं केलं. आमच्या हिने थर्मास सुचवला. थर्मास त्यांच्याकडे तीन होते. त्यांतले दोन आम्हीच दिलेले. मग हवेची उशी निघाली, फिरकीचा तांब्या निघाला, होल्डॉल निघाला. हे सगळं ऐकून झाल्यावर मी एखाद्या मंत्र्याने धरण जाहीर करावं तसं जाहीर केलं : ‘कॅमेरा!’

आता खरं सांगायचं तर दाजींनी उभ्या आयुष्यात कधी कॅमेरा मागितला नव्हता. कॅमेऱ्याची हौस मला होती. आक्काच्या यात्रेचे फोटो मला बघायचे होते, चार लोकांना दाखवायचे होते, आणि ‘कॅमेरा कुणी दिला?’ असं कुणीतरी विचारल्यावर मान किंचित खाली घालून गप्प बसायचं होतं. आमची आई आहेराची वही ठेवत असे. कोणी काय दिलं, त्यांच्याकडच्या कार्यात आपण काय दिलं, फरक किती. मार्सेल मॉस नावाच्या एका फ्रेंच विद्वानाने १९२५ साली भेटवस्तूंवर मोठा निबंध लिहून असं दाखवून दिलं, की जगात फुकट दिलेली भेट अशी नसतेच. देणं, घेणं आणि परतफेड करणं ही तिन्ही बंधनंच असतात. माझी आई त्याला आपली वही दाखवती तर त्याचा बराच त्रास वाचला असता. पण त्या वहीतसुद्धा कॅमेऱ्यासारखी भेट नव्हती. दिलेलं पातेलं रोज आपली आठवण काढत नाही. कॅमेऱ्यात मात्र परतफेड आधीपासून बसवलेली असते. फोटो दाखवल्याशिवाय सुटका नाही.

मी दादरच्या एका दुकानात गेलो. परदेशी कॅमेरे काचेच्या कपाटात वरच्या फळीवर होते आणि त्यांच्या किमती माझ्या प्रॉव्हिडंट फंडाशी बोलत होत्या. दुकानदाराने विचारलं, ‘कुणासाठी?’ मी म्हटलं, ‘वडीलधारी माणसं आहेत. यात्रेला चाललीत. सवय नाही.’

‘मग हा घ्या,’ म्हणून त्याने एक काळा, हलका, साबणाच्या वडीहून थोडा मोठा असा कॅमेरा काउंटरवर ठेवला. ‘एकदम सोपा. काही करायचं नाही. अंतर लावायचं नाही, उजेड मोजायचा नाही. बघायचं आणि दाबायचं. अहो, लहान मूलसुद्धा काढील.’

लहान मूलसुद्धा! या तीन शब्दांनी जगातल्या किती वस्तू खपल्या असतील कोण जाणे. याची सुरुवात अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने केली. १८८८ साली त्याने शंभर फोटोंची फिल्म आधीच भरलेला कॅमेरा पंचवीस डॉलरला विकायला काढला. तुम्ही फक्त कळ दाबा, बाकीचं आम्ही करू, असं त्याचं सांगणं. शंभर फोटो झाले की आख्खा कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा. दहा डॉलरमध्ये ते फोटो धुऊन, नवी फिल्म भरून परत पाठवीत. पुढे १९०० साली त्याच कंपनीने एक डॉलरचा ‘ब्राउनी’ काढला, तो तर मुलांसाठीच होता. १९७७ साली जपानी लोकांनी अंतरही स्वतःच लावून घेणारा छोटा कॅमेरा बाजारात आणला. म्हणजे शंभर वर्षं जगातली हुशार डोकी एकाच कामाला लागली होती : फोटो काढणाऱ्याला डोकं लागू नये.

आमच्या साबणाच्या वडीला तेही लागत नव्हतं. तिचं भिंग एकाच जागी कायमचं पक्कं केलेलं आणि आतलं भोक बारीक, त्यामुळे साधारण पाच फुटांपासून पुढे क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतपत स्पष्ट येई. पाच फुटांच्या आतलं मात्र पुसट. अगदी जवळच्या माणसाचं नीट दिसत नाही, हा गुण मला त्या वेळी फक्त कॅमेऱ्याचाच वाटला.

सहाशे रुपये मोजले. छत्तीसच्या रंगीत रोलचे दोन डबे घेतले. पेन्सिल सेल घेतले. आणि जाण्याच्या आदल्या रात्री, आक्का आणि दाजी आमच्याकडे मुक्कामाला असताना, जेवणं झाल्यावर मी सर्वांना गोल बसवून कॅमेऱ्याचं प्रात्यक्षिक केलं.

दाजी चष्मा पुसून बसले होते. ट्रेझरीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. एक पैसा चुकला तर रात्री दहापर्यंत बसून तो शोधणारा. त्यांनी एक दोनशे पानी वही नि पेन्सिल आणली होती. मी सांगत होतो आणि ते लिहून घेत होते. ‘सूर्य पाठीशी ठेवणे.’ ‘भिंगावर बोट न आणणे.’ ‘दाबताना श्वास रोखणे.’

‘अहो दाजी, लिहिताय काय? अगदी सोपं आहे. लहान मूलसुद्धा काढील.’

दाजींनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि तेही लिहून घेतलं.

‘आणि रोल कसा भरायचा?’ त्यांनी विचारलं.

‘तो मी भरून देतो. तुम्ही त्यात पडूच नका.’

मी झाकण उघडलं, डबी खाचेत बसवली, फिल्मची जीभ ओढून पलीकडच्या चकरीत सरकवली, झाकण लावलं, खटका दोनदा ओढून दाखवला. आकडा ‘१’ वर आला. टाळ्या फक्त पडल्या नाहीत. सकाळी व्ही.टी.ला आम्ही त्यांना गाडीत बसवलं. गाडी सुटताना दाजींनी खिडकीतून आमचा फोटो काढला. सूर्य पाठीशी नव्हता, पण श्वास मात्र रोखलेला दिसत होता.

बारा-तेरा दिवसांनी काशीहून आलेलं अंतर्देशीय पत्र हातात पडलं. ‘चि. बाळ यास अनेक आशीर्वाद. प्रयागचे स्नान, वेणीदान यथासांग झाले. काशीत पाचवा दिवस. उद्या गयेस निघू. तुझा कॅमेरा फारच उत्तम. भेटेल त्याला दाखवतो. कौतुकाची गोष्ट म्हणजे रोल छत्तीसचा असला तरी आज सकाळपर्यंत चव्वेचाळीस फोटो झाले आणि खटका अजून चालूच आहे. आकडा छत्तीसवर थांबला आहे खरा, पण मी वहीत वेगळी नोंद ठेवतो. दुसरा रोल तसाच परत आणीन म्हणतो. तेवढीच बचत.’

हे पत्र मी मोठ्या कौतुकाने ऑफिसात नेलं. आमच्या सेक्शनमध्ये एक हौशी फोटोग्राफर होते. त्यांनी ते वाचलं, चहाचा कप खाली ठेवला आणि एखाद्या डॉक्टरने नातेवाइकाला बाजूला घ्यावं तसं मला बाजूला घेतलं.

‘छत्तीसच्या रोलवर सदतीस निघतात. नशीब असेल तर अडतीस. चव्वेचाळीस निघत नाहीत.’

‘म्हणजे?’

‘फिल्म चकरीत अडकलेलीच नाही. खटका फिरतोय, रोल जागच्या जागी. खटका ओढताना दुसऱ्या बाजूची गुंडी फिरते का, ते बघायचं असतं. भरला कुणी होता?’

आणि मी म्हणालो, ‘दुकानदाराने.’

हे उत्तर मला आधी सुचलं नव्हतं. ते आपोआप बाहेर पडलं. अंतर लावायला नको, उजेड मोजायला नको. इतकं सोपं.

आता तुम्ही म्हणाल, निदान तार करायची होती. ‘रोल तपासा’. दोन शब्द. प्रयाग आणि काशी गेली, निदान गया वाचली असती. मीही त्या दिवशी पोस्टापर्यंत गेलो होतो. पण आमच्या घरात तार आली की माणसं आधी रडतात आणि मग वाचतात. परगावी, धर्मशाळेत, त्या दोघांना उगीच धसका नको. शिवाय ते ‘उद्या गयेस’ निघणार होते ती उद्या होऊनही पाच दिवस झाले होते, गयेचा पत्ता होता कुठे? अशी सगळी चोख कारणं मी पोस्टाच्या पायरीवर उभं राहून गोळा केली. पाकिटं विकत घेतली आणि घरी आलो.

त्या कारणांत खोटं एकही नव्हतं. फक्त त्यांच्यापैकी कुठलंही खरं कारण नव्हतं. तार गेली असती तर ती वाचून दाजींनी पहिला प्रश्न विचारला असता, की रोल भरला कुणी होता?

काशीहून परत आल्यावर सांगलीला मावंदं झालं. दोनशे पान उठलं. मी छातीत धडधड घेऊन गेलो. ओसरीवर दाजी बसले होते, गोरामोरा चेहरा करून. मला पाहिल्याबरोबर म्हणाले, ‘ये बाळ. तुझ्या कॅमेऱ्याची पार माती केली बघ मी. गयेला भर उन्हात झाकण उघडलं माझ्या हातून. आख्खा रोल जळला.’

सगळी ओसरी हसली. कुणीतरी म्हणालं, ‘दाजी, काशीला जाऊन लोक पडवळ सोडतात, तुम्ही फोटो सोडलेत!’ पुन्हा हशा.

मला काय वाटलं म्हणून सांगू? वाईट वाटायला हवं होतं. मला सुटल्यासारखं झालं. म्हणजे माझी चूक नव्हतीच की काय! चव्वेचाळीसचं काहीतरी दाजींनीच मोजण्यात गडबड केली असेल. (पैसा चुकला तर रात्री दहापर्यंत बसणारा माणूस मोजण्यात गडबड करील, हे मला त्या क्षणी पटलं. मनुष्य स्वतःला काय पटवून देऊ शकतो याला खरोखर सीमा नाही.) आणि मी दाजींच्या खांद्यावर हात ठेवून, सर्वांना ऐकू जाईल असा, म्हणालो, ‘असू द्या हो दाजी. सोपा असला तरी सवय लागतेच.’

मी नंतर या वाक्याचा बराच विचार केला आहे. अवघड वस्तूचा एक मोठा उपकार असतो. ती बिघडली तर माणसाची अब्रू जात नाही. सतार वाजवता आली नाही तर लोक म्हणतात, सतार अवघडच. विमान चालवता आलं नाही म्हणून कुणाला कुणी हसत नाही. पण ‘लहान मूलसुद्धा करील’ अशी वस्तू तुम्ही कुणाच्या हातात दिलीत, की चुकण्याची सवलत तुम्ही त्याच्याकडून काढून घेतलीत. आता चुकलं तर तो लहान मुलाहून लहान. सोपी वस्तू निवडताना आपल्याला वाटतं की आपण घेणाऱ्याची सोय बघतोय. आपण मुळात त्याच्याबद्दल एक मत बनवलेलं असतं आणि त्या मताला रंगीत कागद लावून, वर फीत बांधून त्याला भेट देत असतो. दाजींनी माझं ते मत आदल्या रात्रीच वहीत उतरून घेतलं होतं.

मला वाटतं आपली जुनी माणसं दान देताना पळीभर पाणी सोडून ‘न मम’ म्हणत, त्यात बरंच शहाणपण होतं. हे आता माझं नाही. त्या प्रयागच्या संगमावर दिवसातून हजार वेळा हे दोन शब्द उच्चारले जात असतील. मी कॅमेरा दिला तेव्हा पाणीबिणी सोडलं नव्हतंच, पण मनातही ‘न मम’ नव्हतं. कॅमेरा माझा, फोटोही माझे, कौतुकही माझं. फक्त चूक तेवढी ‘न मम’.

मावंद्यानंतर ‘दाजींनी काशी जाळली’ ही आमच्या घराण्यातली ठरलेली गोष्ट झाली. कुठलंही कार्य असो, पंगत बसली की कुणीतरी म्हणायचं, ‘बाळमामा, ती काशीची गोष्ट सांगा.’ आणि मी सांगायचो. नक्कल करून सांगायचो. श्वास रोखलेले दाजी, पेन्सिलीला टोक काढणारे दाजी, झाकण उघडून आत ‘देव दिसतो का’ बघणारे दाजी. दर वर्षी तीत एखादी भर पडे. एका मुंजीत तर भटजींनी मंत्र थांबवून ऐकली. दाजी तिथंच बसलेले असत आणि सर्वांबरोबर हसत. अशी तेरा वर्षं गेली. १९९९ साली दाजी गेले.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी मी सांगलीला आक्काकडे चार दिवस राहायला गेलो होतो. तिच्या स्वयंपाकघरात फळीवर फिल्मच्या रोलची एक काळी प्लॅस्टिकची डबी अजून होती. पूर्वी तीत कुंकू असे, आता लवंगा असतात. ती डबी बघून मला राहवलं नाही. मी आक्काला सगळं सांगितलं. रोल मी भरला होता, तो अडकलाच नव्हता, पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं, मी तार केली नाही. झाकणाबिकणाचा यात काही संबंध नसणार.

आक्का भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

‘त्यांना ठाऊक होतं की रे.’

‘काय ठाऊक होतं?’

‘स्टुडिओवाल्यानं काळ्या पिशवीत हात घालून कॅमेरा उघडला आणि म्हणाला, रोल जागचा हललेलाच नाही, अगदी कोरा आहे. झाकण उघडलं असतं तर काळा पडला असता म्हणे. त्याच रोलवर मावंद्याचे फोटो काढले आम्ही. तुला पाठवले होते की.’

पाठवले होते. त्यांतल्या तिसऱ्या फोटोत मी दाजींच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे.

‘मग ते झाकणाचं?’

‘ते यांनी काढलं. म्हणाले, पोरानं हौसेनं पगारातून आणलाय. रोल त्यानं भरला हे तिथं सगळ्यांना माहीत आहे. मावंद्यात त्याचं तोंड एवढंएवढंसं होईल. झाकण माझ्या हातून उघडलं म्हणून सांगतो. पस्तीस वर्षांत एक खोटी एंट्री केली नाही, एक होऊन जाऊ दे.’

मी जरा वेळ गप्प बसलो. मग विचारलं, ‘आणि मी ती गोष्ट सांगायचो तेव्हा?’

‘हसायचे की. म्हणायचे, बाळ सांगतो मात्र छान.’

मग ती उठली, हात पुसले आणि आतून ती दोनशे पानी वही घेऊन आली. पहिल्या पानावर माझ्या सूचना. ‘लहान मूलसुद्धा काढील’ या ओळीखाली एक बारीक रेघ. पुढे ट्रेझरीच्या अक्षरात नोंदी. अनुक्रमांक, स्थळ, दिनांक, वेळ, शेरा. एकूण एकसष्ट. ‘क्र. १. व्ही.टी. स्टेशन. बाळ व मंडळी. बाळ हात हलवत असल्याने बहुधा पुसट.’ ‘क्र. १७. दशाश्वमेध घाट, स. ६.१०. सौ. पाण्यात. थंडीने दात वाजत होते, फोटोत आवाज येणार नाही.’ ‘क्र. २९. विश्वेश्वराच्या गल्लीत एक बैल. वाट देईना. आम्हीच परत फिरलो.’

आणि ‘क्र. ९. प्रयाग. वेणीदान. मी वेणी घालतो आहे. फोटो नावाड्याने काढला.’ शेऱ्याचा रकाना कोरा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडची जोडपी प्रयागला गेली की हा विधी करतात. नवऱ्याने बायकोचे केस विंचरायचे, वेणी घालायची, आणि तिचं टोक कापून त्रिवेणीत सोडायचं. ज्या पिढीत नवऱ्याने चारचौघांत बायकोला नावाने हाक मारली नाही, त्या पिढीतल्या माणसाने भर लोकांत बसून तिची वेणी घातली होती. आयुष्यात एकदा. नावाड्याने बरोबर कळ दाबली होती. कॅमेरा सोपाच होता.

‘कशी घातली होती गं वेणी?’ मी विचारलं.

‘काय सांगू? दोरी वळतात तशी. तीन पेड सांगितले तर दोनच घेतले. शेजारची आंध्रातली बाई हसायला लागली, तर तिला म्हणतात, हंसो मत, पहली बार है.’ आक्का हसायला लागली, इतकी की तिला डोळे पुसावे लागले. मग तिने नोंद क्रमांक दहाबद्दल सांगितलं, मग अकराबद्दल, आणि रात्रीपर्यंत आम्ही गयेला पोचलो. तिला एकूण एक आठवत होतं.

नुसत्या मावंद्याच्या फोटोंबद्दल विचारलं तर तिला त्यातली निम्मी माणसं आठवत नाहीत. पुढे माझ्या वाचनात आलं, की लिंडा हेंकेल नावाच्या एका अमेरिकन बाईंनी एका कलासंग्रहालयात लोकांना हिंडवून एक प्रयोग केला आणि तो २०१४ साली छापून आला. ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना कमी आठवल्या, नुसत्या बघितल्या त्या जास्त. एखाद्या वस्तूचा बारीक भाग जवळून टिपला, तर मात्र आठवण टिकली. हे वाचून मला क्षणभर फार बरं वाटलं. म्हणजे रोल अडकला नाही म्हणूनच आक्काला सगळं आठवतं, अशी माझ्या पापाची पुण्यात बदली करायची एक सोय निघत होती. पण ते काही जमलं नाही. एक तर दाजी आपण फोटो काढतोय असंच समजत होते. आणि दुसरं, आक्काला आठवतं ते तिला. तिच्या मुलांना, नातवंडांना, आईची वेणी घालणारा बाप कसा दिसत होता हे आता कोणत्याही सिद्धांताने दिसायचं नाही. ती एक चौकट माझ्याकडे बाकी आहे. ट्रेझरीच्या भाषेत, येणे.

आक्का आता नव्वदीला टेकली आहे. यंदा तिचा नातू आणि नातसून काशीला चाललेत. विमानाने, चार दिवसांत काशी-प्रयाग करून परत. मला वाटलं होतं, आता मोबाइलच्या जमान्यात कॅमेऱ्याचं नाव कोण काढणार? दुकानदारांचीही हीच रड. २०१०च्या सुमारास असले छोटे कॅमेरे जगात वर्षाला दहा कोटींहून जास्त जात. २०२३ साली तो आकडा वीस लाखांच्याही आत आला. पण नातूच एक दिवस म्हणाला, ‘मामाआजोबा, आम्हाला फोन नकोय तिथं. सारखे मेसेज येत राहतात. एखादा छोटा कॅमेरा असता तर बरं झालं असतं.’ या वेळी निदान मागणारा तो होता.

गेलो दुकानात. माझ्या नातवाच्या वयाचा विक्रेता. ‘कुणासाठी, काका?’ मी सांगितलं. त्याने कपाटातून साबणाच्या वडीएवढाच एक कॅमेरा काढला. किंमत मी इथं लिहीत नाही, आमची ही हे वाचते. ‘एकदम सोप्पा आहे काका,’ तो म्हणाला, ‘लहान मुलगासुद्धा...’

‘पुढचं बोलू नका,’ मी म्हणालो. तो घाबरला. मी म्हटलं, ‘यात चुकतं काय काय, ते सांगा.’

बिचाऱ्याला असा प्रश्न कुणी विचारला नसावा. पण मुलगा चांगला होता. डोकं खाजवून म्हणाला, बॅटरी चार्ज न करता नेतात. कार्ड घालायला विसरतात. काही कॅमेरे कार्डाशिवायही खटका मारतात, फोटो मात्र साठत नाही. तारीख लावत नाहीत. भिंगावर बोट येतं. ते बोट दाजींच्या वहीतही होतं. मी सगळं एका कागदावर लिहून घेतलं आणि खाली लिहिलं : ‘सोपा आहे असं दुकानदार म्हणतो. मला तसं वाटत नाही. काही चुकलं तर ते देणाऱ्याचं समजावं. — बाळमामा.’

तो कागद डब्यात घालून, डबा न उघडता, मी आक्कासमोर नातवाच्या हातात दिला. त्याने कागद वाचला आणि म्हणाला, ‘मामाआजोबा, हे गॅरंटी कार्ड आहे का?’

आक्काला हल्ली कमी ऐकू येतं. तिने मला जवळ बोलावलं आणि हळूच, म्हणजे सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात, विचारलं, ‘रोल तू भरलास का रे?’

‘नाही. त्याचा तो भरील.’

‘बरं केलंस,’ ती म्हणाली, आणि लवंगेची डबी माझ्यापुढे केली.